वायपरवर बर्फ धरू नये म्हणून : फोंडा ते केलाँग

गोव्यात वायपर हे पावसाळ्याचे साधन आहे. जूनच्या पहिल्या सरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ते राबतात, वर्षाकाठी पडणारा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस काचेवरून दूर सारतात आणि उरलेले आठ महिने उन्हात काचेला टेकून पडून राहतात. जानेवारीतल्या पहाटेही पणजीचे तापमान २० अंशांच्या फारसे खाली जात नाही. फोंडा, सांगे, सत्तरी अशा आतल्या तालुक्यांत थोडी अधिक थंडी पडते, इतकेच. त्यामुळे वायपर काचेला गोठून चिकटतात, तशाच अवस्थेत चालू केले तर त्यांची मोटर जळू शकते, काच धुण्याच्या पाण्याची नळी आतल्या आत फुटते, या गोष्टी आमच्याकडच्या वाहनचालकाच्या अनुभवात येण्याचे कारणच नाही. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त हिमाचल प्रदेशात, कुल्लूच्या अलीकडे भुंतरला राहतात. ऐन जानेवारीत आपल्याच गाडीने त्यांच्याकडे जायचे आणि तिथून अटल बोगदा ओलांडून लाहौल खोऱ्यात केलाँगला काही दिवस राहायचे, असे पत्नीने आणि मी ठरवले, तेव्हा गाडीच्या बाकी तयारीपेक्षा या एका विषयाने माझे लक्ष अधिक वेधून घेतले. डोंगरी रस्त्यावर पुढचे दिसले नाही तर इतर सर्व तयारी व्यर्थ असते.

सुरुवात केली ती मेहुण्यांना फोन करून. त्यांची बरीच वर्षे त्या रस्त्यांवर गेलेली आहेत. कोणता फवारा घ्यावा, कोणती पाती बसवावी, असे मी विचारत होतो; ते म्हणाले, "दादा, फवाऱ्याचे नंतर पाहू. आधी एवढे लक्षात घ्या, की नुसत्या थंडीने वायपर गोठत नाहीत, पाण्याने गोठतात. रात्री गाडी उभी करताना काचेवर, रबरावर आणि काचेखालच्या जाळीत पाणी राहिले नाही, तर सकाळचे निम्मे काम आदल्या रात्रीच झालेले असते." पुढच्या प्रवासात कोणतीही युक्ती कुणी सांगितली की मी ती या वाक्यावर घासून पाहत असे.

हे पाणी येते कुठून, तेही समजून घेतले. निरभ्र रात्री काच आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते; मग हवेतली वाफ मध्ये पाणी न होताच स्फटिकरूपाने तिच्यावर बसते. हा पांढरा थर सहसा पातळ असतो आणि खरवडून निघतो. त्याहून त्रासदायक अवस्था होते ती हिम पडत असताना प्रवास करून आलेल्या गाडीची. आत हीटर चालू असल्याने काच ऊबदार असते, तिच्यावर पडलेले हिम वितळते, ते पाणी ओघळून जिथे वायपर विसावतात तिथे साचते, आणि गाडी थंडावली की तेच पाणी रबर, दांडा आणि काच यांना एकमेकांशी सांधून टाकते. तिसरे पाणी गाडीच्या आतच तयार होते. बुटांना लागून आलेले हिम पायपुसण्यांवर वितळते, त्याची वाफ आणि माणसांच्या श्वासातली वाफ काचेच्या आतल्या बाजूला जमते. पावसाळ्यात ओल्या छत्र्या गाडीत ठेवल्या की काचा आतून कशा धुरकटतात हे गोव्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. तीच क्रिया शून्याखाली घडली की फडक्याने पुसता येणारे धुके न राहता खरवडावा लागणारा थर तयार होतो.

फोंड्यात केलेली तयारी मला या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटते, कारण गोव्याच्या हवेने वायपरची जी झीज केलेली असते ती बर्फात उघडी पडते. उन्हातली अतिनील किरणे आणि हवेतला ओझोन रबराला सूक्ष्म चिरा पाडतात. किनाऱ्यालगतच्या गाड्यांवर खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर बसतो आणि दांड्याच्या सांध्यांत व स्प्रिंगमध्ये गंज धरतो. आमच्या पात्यांनी एक पावसाळा काढला होता आणि साधे पाणी त्या अजून बऱ्यापैकी पुसत होत्या. मात्र रबराची कड बोटाने दुमडून पाहिली, तेव्हा उन्हाकडच्या बाजूला आडव्या बारीक रेषा दिसल्या. थंडीत रबर ताठ होते. आधीच कडक झालेले रबर काचेच्या वळणाशी जुळवून घेऊ शकत नाही, ते मागे पाण्याची पट्टी सोडत जाते आणि ती पट्टी तिथल्या तिथे गोठते. चिरांत शिरलेले पाणी गोठून फुगले की कड फाटते ती वेगळीच. म्हणून नव्या पात्या घेतल्या, आणि घेताना धातूच्या सांगाड्याची जुनी रचना टाळून सपाट, सांगाडा नसलेल्या पात्या निवडल्या. सांगाड्याला अनेक उघडे सांधे असतात आणि त्यांत बर्फ भरले की पाती वाकेनाशी होऊन काचेला ठिकठिकाणी टेकतच नाही. थंड देशांत सांगाड्यावर रबरी आवरण चढवलेल्या खास हिवाळी पात्या वापरतात. आपल्याकडे त्या सहज मिळत नाहीत, सपाट पात्या मात्र कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतात आणि पुष्कळ अंशी तेच काम करतात. उतरवलेली जुनी जोडी अडीअडचणीला म्हणून सोबत घेतली.

त्यानंतर काचेखालची जाळी साफ केली, आणि हे काम मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. आमची गाडी अंगणात आंब्याखाली उभी असते. गळलेला मोहोर, वाळकी पाने आणि धूळ त्या जाळीतून आत उतरतात आणि पावसाळ्यातल्या गाळाबरोबर निचऱ्याची भोके बुजवतात. गोव्यात याचा परिणाम म्हणजे फार तर गाडीत पाणी झिरपते किंवा कुबट वास येतो. शून्याखाली मात्र तिथे साचलेले पाणी वायपरचे दांडे हलवणाऱ्या जोडणीभोवतीच गोठते, आणि मग वरून रबराची कितीही निगा राखली तरी वायपर जागचे हलत नाहीत. शिवाय हीटरच्या झोतासाठी बाहेरची हवा याच जाळीतून ओढली जाते. जाळी बुजली की काच साफ ठेवणारा झोतही दुबळा पडतो. जाळी काढून आतला कुजका पाचोळा हाताने उपसला, भोकांतून तार फिरवली आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी खाली मोकळे पडते याची खात्री केली.

काच धुण्याच्या टाकीत आमच्याकडे सर्रास नळाचे पाणी असते, त्यात कुणी थोडा शाम्पू घालतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि टाकीपेक्षाही पंप, नळी व नोझल यांना त्या फुगवट्याला जागा नसते, म्हणून तेच आधी निकामी होतात. खास हिवाळी द्रव मला फोंड्यात मिळाला नाही. रसायनांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. पाण्यात त्याचे प्रमाण ३० टक्के असेल तर मिश्रण उणे १५ अंशांच्या आसपास गोठते, निम्मे-निम्मे केले तर उणे २० अंशांच्याही थोडे खाली जाते. केलाँगला जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो, हे लक्षात घेऊन फोंड्यात एक तृतीयांश प्रमाण ठेवले आणि पुढे ते वाढवण्यासाठी उरलेले अल्कोहोल घट्ट झाकणाच्या मूळ डब्यात डिकीत ठेवले. ते ज्वालाग्राही आहे, तेव्हा त्याची ने-आण त्याच जपणुकीने करावी लागते. टाकी भरल्यावर नोझलमधून अल्कोहोलचा वास येईपर्यंत फवारा सोडत राहिलो, कारण टाकीत मिश्रण असले तरी नळीत जुने पाणी राहिले तर गोठायचे ते गोठतेच. टाकीत सरळ इंजिनाचे कूलंट ओता, असाही सल्ला मिळाला होता. तो मानला नाही: त्यातले इथिलीन ग्लायकॉल काचेवर तेलकट पडदा धरते, आणि ते विषारी असून चवीला गोड असल्याने कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतू शकते. मिथेनॉलही त्याच्या विषारीपणामुळे मी घरात आणले नसते.

गॅरेजमध्ये मी हीटर तपासायला सांगितला, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने आश्चर्याने विचारले, "बाब, हीटर लावतो कोण इथे?" प्रश्न रास्त होता. तापमानाची खुंटी लाल बाजूकडे वळवायला जोर लागला, आणि झोत सुरू झाल्यावर जळक्या धुळीचा वास आला; हवा काचेकडे वळवणारी आतली झडपही अर्ध्यावर अडकत होती. ती त्याने मोकळी करून दिली. खरी महत्त्वाची गोष्ट पुढे निघाली. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे साधे पाणी वाढवल्याने कूलंट पातळ झाले होते. गोव्यात त्याने उकळण्याखेरीज दुसरी भीती नसते, पण ते लाहौलमध्ये गोठले तर इंजिनाचे नुकसान होतेच आणि काचेवर येणारी गरम हवाही संपते, कारण हीटरला उष्णता त्याच द्रवाकडून मिळते. जुने सगळे काढून ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरले. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या सुमारापर्यंत टिकते. वायपरच्या तयारीत कूलंटचा समावेश करणे कुणाला दूरान्वयाचे वाटेल, पण काच आतून तापवता आली नाही तर बाहेरचे वायपर फार काळ मोकळे राहत नाहीत.

प्लॅस्टिकची खरवडणी, मऊ केसांचा ब्रश, सुती फडकी, सिलिकॉनचा फवारा, रबरी हातमोजे आणि ताडपत्रीचा मोठा तुकडा एवढे सामान सोबत होते. ताडपत्री गोव्यात प्रत्येक घरात पावसाळ्यासाठी असतेच. जुनी चादर किंवा टॉवेल काचेवर घालायचा विचार सोडून दिला, कारण कापड पाणी शोषते आणि मग कापडच काचेला गोठते.

चोर्ला घाट चढून बेळगाव, पुणे, नाशिक, धुळे, इंदूर असे करीत उत्तरेकडे जाताना या विषयाचे सांगण्यासारखे एवढेच घडले, की पेट्रोल पंपांवर काच पुसून देणारी मुले आपुलकीने टाकीत पाणी भरायला येत आणि त्यांना दर वेळी थांबवावे लागे. साध्या पाण्याने मिश्रण पातळ झाले असते.

भुंतर हे समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर, ब्यास नदीकाठी आहे. तिथे बर्फ क्वचितच पडते, पण स्वच्छ रात्रीनंतर काचेवर पांढरा थर हमखास असतो, आणि सराव करायला ती जागा फार चांगली ठरली. बहिणीच्या घरासमोर दोन गाड्या एकाच रात्री उभ्या होत्या, मेहुण्यांची पत्र्याच्या छपराखाली आणि आमची उघड्यावर. सकाळी त्यांची काच जवळजवळ कोरडी होती आणि आमच्या काचेवर नखाने रेघ ओढता येईल असा थर होता. हवा तीच, थंडी तीच. फरक होता तो काचेला आकाश दिसण्या-न दिसण्याचा. त्यामुळे कुठेही मुक्काम केला तरी छपराखालची, नाही तर निदान भिंतीला लागून असलेली जागा शोधायची, हे तेव्हापासून ठरून गेले. मेहुण्यांनी तिथेच मला दुसरी सवय लावली. गाडी बंद करण्याआधी वायपरची कळ बंद स्थितीत आहे ना, हे पाहायचे. कळ चालू असताना किल्ली फिरवून उतरले, तर सकाळी गाडी सुरू करताच गोठलेल्या वायपरना मोटर ओढू लागते. मग फ्यूज उडणे हे सर्वांत स्वस्तातले नुकसान. जोडणीचे दाते झिजले किंवा मोटर जळली तर डोंगरात दुरुस्तीसाठी दिवस मोडतो. ज्या गाड्यांत पावसाचा थेंब ओळखून वायपर आपोआप चालतात, त्यांत ती आपोआप चालण्याची सोय थंडीत बंदच ठेवावी लागते. मनालीत एका पर्यटकाच्या नव्या गाडीचे नेमके हेच झालेले आम्ही पाहिले. सकाळी इंजिन सुरू होताच वायपर आपोआप हलू पाहत होते, रबर काचेला धरून होते आणि मोटरचा घरघर आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येत होता.

मनालीला हिमवृष्टी सुरू झाल्याने आम्हाला थांबावे लागले. अशा दिवसांत बोगद्याकडे चार चाकांना चाल असलेल्या किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात, आणि तो निर्बंध योग्यच आहे. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा भुरभुर हिम पडत होते आणि काच चांगली गरम होती. मेहुण्यांनी सांगितल्याप्रमाणे शेवटच्या काही मिनिटांत हीटर बंद करून खिडक्या थोड्या उघडल्या. आतली दमट हवा निघून गेली आणि काच बाहेरच्या थंडीशी जुळत गेली, तेव्हा पडणारे कोरडे हिम वितळण्याऐवजी काचेवरून घसरू लागले. मग काच फडक्याने कोरडी केली, वायपर उचलून रबराची कड आणि त्याखालची काच पुसली, जाळीवरचे हिम हाताने काढले, आणि ओली पायपुसणी खोलीत नेली. एवढे करायला थंडीत बोटे आखडतात आणि कंटाळा येतो. पण ज्या रात्री हे सर्व केले त्या सकाळी वायपर एका बोटाने उचलता आले.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीस खुला झाला. ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३,१०० मीटरच्या सुमारास, रोहतांग खिंडीच्या पोटातून जातो आणि त्याच्यामुळेच हिवाळ्यात लाहौलला जाणे शक्य झाले आहे. वायपरच्या दृष्टीने मात्र हा भाग सर्वांत कसोटीचा होता. सोलंगपासून वर रस्त्यावर वितळलेल्या हिमाचा आणि मातीचा राडा होता. पुढच्या ट्रकच्या चाकांमागून तो काचेवर येत होता आणि पाणी फवारल्याशिवाय निघत नव्हता. मनालीत मिश्रण निम्मे-निम्मे करून घेतले होते. तरी त्याचा एक दुर्गुण तिथे नीट ध्यानात आला. वाऱ्याच्या झोतात अल्कोहोल आधी उडून जाते, उडताना काचेची उष्णता घेते, आणि मागे राहिलेले पाणी थंडावलेल्या काचेवर गोठू पाहते. काच आतून ऊबदार असेल तरच फवारायचे, आणि भरपूर फवारून लगेच वायपर फिरवायचे. थेंब-थेंब फवारल्याने काच उलट अधिक धुरकटते. बोगद्यात आतल्या उबेने काच निवळली, वायपर कोरडे फिरू लागले म्हणून बंद केले, आणि बाहेर पडण्याआधी झोत पुन्हा पूर्ण काचेवर वळवला. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी हवा एकदम बदलते, आणि दमट गाडी थंडीत शिरताच काच क्षणात आंधळी होऊ शकते.

सिस्सूपासून पुढे चंद्रा नदीच्या कडेने जाताना पुन्हा हिम पडू लागले आणि धावत्या गाडीत बर्फ कसे धरते ते पाहायला मिळाले. गरम काचेवर वितळलेले पाणी वायपर दोन्ही बाजूंना लोटतात. काचेची कड आणि तळ मधल्या भागाइतके गरम नसतात, म्हणून ते पाणी तिथे गोठून ढेकळे बनतात. ती ढेकळे रबराला वर उचलून धरतात आणि नेमके चालकाच्या डोळ्यांसमोर अर्धचंद्राकृती पट्टा पुसायचा राहतो. अशा वेळी वायपरचा वेग वाढवून काही साधत नाही. सुरक्षित जागी थांबून, वायपर बंद करून, रबर हातमोज्याच्या बोटांत धरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला की बर्फ गळून पडते. उलट हवा अगदी कोरडी आणि हिम भुकटीसारखे असेल, तर तिथले काही चालक काच मुद्दाम थंड ठेवतात आणि वायपर लावतच नाहीत, कारण असे हिम काचेला न चिकटता वाऱ्याने उडून जाते. हे ऐकून मी प्रथम साशंक होतो. तांडीच्या पुढे स्वतः करून पाहिले आणि ते पटले; मात्र श्वासाने काच आतून धुरकटू नये म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते, आणि हिम ओलसर झाले की ही रीत ताबडतोब सोडावी लागते.

केलाँगला भागा नदीचे खोरे अरुंद आहे आणि हिवाळ्यात ऊन उशिरा उतरते. त्यामुळे गाडीचे तोंड पूर्वेला करून उन्हाची वाट पाहण्याचा सपाटीवरचा उपाय तिथे फारसा कामी येत नाही. पत्र्याच्या उतरत्या छपराखाली किंवा बर्फाच्या सुळक्यांखाली गाडी लावू नये, असे घरमालकांनी पहिल्याच संध्याकाळी बजावले, कारण छपरावरचे हिम एकदम घसरले तर बोनेट आणि काच दोन्ही जातात. शेवटी घराच्या दगडी भिंतीलगतची जागा मिळाली.

रात्री वायपर उभे करून ठेवावेत की नाही, याबद्दल तिथेही दोन मते आढळली. घरमालक ते उभे करीत, मेहुणे त्याच्या विरोधात होते. उभे केले तर रबर काचेला चिकटत नाही, हे खरे. पण वारा उठला आणि दांडा स्प्रिंगच्या जोराने परत आदळला तर काच तडकते, शिवाय दांडा सतत ताणलेला राहून स्प्रिंग ढिली पडते ती वेगळी. ज्या गाड्यांचे वायपर बोनेटच्या कडेखाली लपलेले असतात, त्यांत ते आधी दुरुस्तीच्या स्थितीत वर आणावे लागतात, नाही तर बोनेटचा रंग खरचटतो. मला स्वतःला ताडपत्रीची रीत सर्वांत पटली. वायपर उचलून कोरड्या काचेवर ताडपत्री पसरायची, वायपर तिच्यावर टेकवायचे आणि खालची कड वर दुमडून त्यांच्यावरून घ्यायची. दोन्ही बाजूंची टोके पुढच्या दारांत धरून दारे लावायची. अशाने रबराचा काचेशी संबंधच उरत नाही, वरून पडणारे हिम ताडपत्रीवर राहते आणि वाऱ्याला पकडायला उभा दांडाही सापडत नाही. दारात टोके घेताना रबरी कडांवर हिम राहू देऊ नये, नाही तर दारच गोठते; त्या कडांना सिलिकॉनचा पातळ हात दिला होता.

सकाळच्या कामाला क्रम आहे, आणि तो पाळला तर घाई करावी लागत नाही. प्रथम धुराच्या नळीचे तोंड हिमाने बुजलेले नाही हे पाहायचे, कारण बुजलेले असताना इंजिन चालवले तर विषारी वायू गाडीत शिरू शकतो. मग इंजिन सुरू करून झोत काचेवर वळवायचा, आधी मंद आणि हळूहळू गरम. हवा बाहेरून घ्यायची, आतल्या आत फिरवायची नाही, कारण आतली हवा दमट असते. तोवर टपावरचे हिम ब्रशने उतरवायचे. ते तसेच ठेवले तर उतारावर पहिल्या ब्रेकला सगळे पुढच्या काचेवर येते. ताडपत्री वरून खाली सोलत काढायची, जाळी मोकळी करायची, आणि सर्वांत शेवटी वायपर. एके सकाळी रात्रीच्या बदलत्या वाऱ्याने ताडपत्री एका बाजूने सरकली होती आणि डावीकडचे रबर टोकाशी धरले होते. तिथे बाटलीतून अल्कोहोल दोन भाग व पाणी एक भाग असे मिश्रण रबराच्या रेषेवर फवारले, थोडे थांबलो, पुन्हा फवारले. वायपर आपसूक सुटला. दांडा धरून खेचला असता तर नव्या रबराची कड काचेवरच राहिली असती. सुटल्यावर रबर अल्कोहोलच्या फडक्याने पुसून कोरडे केले.

गरम पाणी ओतण्याचा मोह तिथे सर्वांना होतो. काचेला खड्याचा लहानसा टवका जरी उडालेला असेल, तरी एकदम तापल्याने तो तडा होऊन पसरतो. आणि तडा गेला नाही तरी ते पाणी शेवटी वायपरच्या तळाशीच जाऊन गोठते. मिठाचे पाणी काचेला लावण्याचा उपायही कुणीतरी सांगितला. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते यात शंका नाही, पण गोव्याच्या किनाऱ्यावर मिठाने गाडीच्या पत्र्याचे आणि स्प्रिंगांचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याने ते हाताने गाडीवर ओतू नये. व्हिनेगरचे नाव फार ऐकू येते. त्यात आम्लाचे प्रमाण इतके थोडे असते, की त्याचा गोठणबिंदू शून्याच्या जेमतेम खाली येतो. केलाँगच्या रात्रीपुढे ते निरुपयोगी आहे.

परतल्यावर फोंड्यात टाकीतले मिश्रण काढून साधे पाणी भरले, जाळी आणि दांड्यांचे सांधे धुऊन तिथे अडकलेली रस्त्यावरची बारीक वाळू काढली, कारण तीच पुढे पावसाळ्यात काचेवर ओरखडे पाडते. रबराच्या कडा भिंगातून पाहिल्या. टोकाशी किंचित झीज होती, ती बर्फाने झाली की वाटेतल्या धुळीने, याचा विचार करता धुळीचा वाटा मोठा वाटला. जाताना दोन हजारांहून अधिक किलोमीटर धूळ, धुके आणि किडे पुसत नव्या पात्या भुंतरला पोहोचल्या होत्या. पुढच्या खेपेस जुन्या पात्या लावूनच निघेन आणि नव्या भुंतरला मेहुण्यांच्या छपराखाली बसवीन; आणि अल्कोहोलचा डबा डिकीतून इतक्या लांब नेण्याऐवजी तयार हिवाळी द्रव आधीच बहिणीच्या पत्त्यावर मागवून ठेवीन.